‘जलकलिल’ म्हणजे काय, आणि शेतकऱ्याने त्याचा हिशेब कसा करावा?

पाणी धरून ठेवणारी भुकटी विकत घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांपुढे आता वरचेवर उभा राहतो. बी-बियाणांच्या व खतांच्या दुकानांत अशी पाकिटे मांडलेली असतात. त्यांवर ‘हायड्रोजेल’ किंवा ‘हायड्रोकोलॉइड’ असे नाव छापलेले असते, व त्याखाली ही भुकटी आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते असे ठळक अक्षरांत सांगितलेले असते. ज्या मुलखात एका पावसाने ओढ दिली की ज्वारीचे कणीस भरावयाचे राहते, तेथे असे वाक्य वाचून मन वळले तर नवल नाही. परंतु जे वाक्य खरे आहे, तेच अपुरे असल्यामुळे माणसास फसवू शकते. म्हणून या शब्दाचा मूळ अर्थ काय, त्या नावाखाली कोणकोणते पदार्थ मोडतात, ते पदार्थ आपल्या घरी व रानात पूर्वीपासून कसे वापरात आहेत, आणि विकतच्या भुकटीचा हिशेब कसा मांडावा, हे या लेखात क्रमाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

शब्दाचा अर्थ

‘हायड्रो’ म्हणजे जल, हे सर्वांस ठाऊक आहे. ‘कोलॉइड’ हा शब्द थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली रूढ केला. पाण्यात विरघळलेले निरनिराळे पदार्थ पार्चमेंटच्या पातळ पडद्यातून कसे पार होतात, हे तो पाहात होता. मीठ व साखर पडद्यातून सहज पलीकडे गेली; डिंक, सरस व तत्सम चिकट पदार्थ मात्र अलीकडेच अडून राहिले. ग्रीक भाषेत सरसास ‘कोल्ला’ म्हणतात. त्यावरून या दुसऱ्या वर्गास त्याने ‘कोलॉइड’ हे नाव दिले. मराठी विश्वकोशात यास ‘कलिल’ हा प्रतिशब्द योजिलेला आहे. पाण्याशी सख्य असलेले कलिल ते ‘जलकलिल’, असे आम्ही येथे म्हणतो.

हे पदार्थ पडद्यातून पार का होत नाहीत? साखरेचा एक कण हा एक मणी मानला, तर डिंकाचा किंवा खळीचा एक कण म्हणजे तसल्या शेकडो अगर हजारो मण्यांची ओवलेली माळ होय. कोरड्या भुकटीत या माळा एकमेकींना बिलगून पडलेल्या असतात. पाणी मिळताच त्या उलगडतात, पसरतात व प्रत्येक मण्याशी पाण्याचे कण चिकटून राहतात. पदार्थाचे वजन थोडे, परंतु त्याचा पसारा फार मोठा होतो. मोकळे वाहणारे पाणी त्या जाळ्यात अडकते. जलकलिलाचे सारे गुण या एका गोष्टीतून निघतात. बहुतेक जलकलिले वनस्पतींपासून मिळतात. सरस व जिलेटिन ही मात्र जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेली जलकलिले आहेत.

दाट होणे, थिजणे व फुगणे

शास्त्राने या सर्वांस एक नाव दिले असले तरी त्यांचे काम एक नाही. मराठीत यासाठी तीन स्वतंत्र क्रियापदे आहेत, व ती नीट लक्षात ठेवली म्हणजे निम्मा घोटाळा टळतो. काही जलकलिले पाण्यात विरघळून पाणी दाट करितात. काही जलकलिले पाण्यास थिजवितात, म्हणजे ओतता न येईल अशी स्थिती आणतात. आणि काही पाण्यात विरघळत नाहीत, आकार कायम राखून नुसती फुगतात. दाट होणाऱ्या पदार्थाकडून थिजण्याची, अगर विरघळून जाणाऱ्या पदार्थाकडून वर्षभर रानात टिकण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

दाट करणारे पदार्थ : खळ, विरी, भेंडी व गवार

पहिल्या वर्गातील उत्तम उदाहरण म्हणजे चिंचोक्याची खळ. सोलापूर हे मागांचे शहर. मागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुतास खळ पाजावी लागते. खळ न पाजल्यास सुताचे तंतू उभे राहतात व घासून धागा तुटतो. लोकरीची घोंगडी विणणारे कारागीरही चिंचोक्याचीच खळ वापरीत आले आहेत. चिंचोका भाजून, त्याचे तांबूस टरफल काढून, आतील पांढरा गर दळला व तो पाण्यात शिजविला की दाट, चिकट खळ तयार होते. १९४२ साली टी. पी. घोष व एस. कृष्ण या भारतीय शास्त्रज्ञांनी असे जाहीर केले, की टरफल काढलेल्या चिंचोक्याच्या गरात शेकडा ४६ ते ४८ भाग जेली बनविणारे द्रव्य असते. तोपर्यंत खळीपुरता मानला जाणारा हा पदार्थ खाद्य जेलीसही उपयोगी पडेल, हे त्यावरून दिसून आले. साखरेचे प्रमाण पुरेसे असल्यास हे द्रव्य दाट होण्यावर न थांबता थिजतेही. आज चिंचोक्याच्या गराची पूड कापडाच्या व तागाच्या गिरण्यांत, कागदाच्या धंद्यात आणि शुद्ध केल्यानंतर खाद्यपदार्थांतही वापरली जाते.

दुसरे उदाहरण ज्वारीच्या भाकरीचे. ज्वारीत गव्हासारखा चिवट अंश नसतो, म्हणून तिचे पीठ कणकेसारखे ताणले जात नाही. पीठ जुने झाले म्हणजे त्याची विरी गेली असे आपल्या घरांतील बायका म्हणतात, आणि मग पिठात उकळते पाणी घालून ते मळतात. सुमारे ७० अंश उष्णतेच्या पुढे ज्वारीतील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात व फुटून चिकट होतात. ती खळच पिठास बांधून धरते व भाकरी थापताना चिरत नाही. कढत आंबील निवता निवता दाट होत जाते, त्याचेही कारण हेच.

तिसरे उदाहरण गुऱ्हाळातील. उसाचा रस कढईत तापत असता त्यात भेंडीच्या खोडाचे अगर रानभेंडीचे बुळबुळीत पाणी घालण्याची चाल जुनी आहे. हे बुळबुळीत द्रव्य जलकलिलच होय. त्याच्या लांब माळा रसातील गढूळ कणांस गुंतवितात, उष्णतेने ते सर्व एकत्र होऊन मळीच्या रूपाने वर येते व झाऱ्याने काढून टाकता येते. गुळास रंग व कणी चांगली यावयाची असल्यास ही मळी वेळेवर निघणे किती अगत्याचे आहे, हे गुळव्यास सांगावयास नको. रसायनांची भुकटी न घालता केलेल्या गुळास मागणी असताना ही जुनी युक्ती टाकून देण्याजोगी नाही.

चौथे उदाहरण गवारीचे. गवारीच्या बियांतील मधल्या थराची पूड ही जगातील अत्यंत दाट करणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम पूड नीट मिसळली तर ते पाणी काकवीप्रमाणे जड वाहू लागते. गवारीच्या बियांच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून त्यातही राजस्थानचा वाटा सर्वांत मोठा आहे. अमेरिकेत खडकाच्या थरांत दाबाने पाणी सोडून तेल व वायू काढण्याचा उद्योग वाढला, तेव्हा त्या पाण्यात वाळू तरंगत ठेवण्यासाठी गवारीच्या डिंकास एकाएकी प्रचंड मागणी आली. २०११-१२ साली बियांचे भाव इतके चढले, की मार्च २०१२ मध्ये त्यांचा वायदेबाजार बंद करावा लागला; तो मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला. चढे भाव पाहून देशात अनेक ठिकाणी पेरा वाढला, आणि पुढे भाव उतरले. ज्या मालाची मागणी दूरदेशीच्या तेलविहिरींवर अवलंबून आहे, त्याचा भाव आपल्या बांधावरून कळत नाही, हा बोध यातून घेण्यासारखा आहे.

या वर्गातील सर्व पदार्थांस एक पथ्य लागू पडते. कोरडी पूड एकदम गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. कारण गोळ्याची बाहेरची बाजू आधी फुगते व आत पाणी शिरू देत नाही. म्हणून पूड प्रथम थोड्या थंड पाण्यात कालवावी, व मग ती ढवळीत ढवळीत तापवावी. पिठले करणारीस हे शास्त्र न शिकताच येते.

थिजविणारे पदार्थ : पेरू व केळी

पेरूच्या जेलीत कोणी बाहेरून सरस घालीत नाही. ती पेरूतील पेक्टिन या जलकलिलामुळे थिजते. परंतु पेक्टिनास एकट्याने थिजता येत नाही. त्यास पुरेशी आंबटाई व शेकडा सुमारे ६५ इतकी साखर लागते. साखर पाण्यास आपल्याकडे ओढते, आंबटाई माळांमधील परस्परविरोध कमी करिते, व मग माळा एकमेकींत गुंतून जाळे तयार होते. जेली पातळ राहण्याची कारणे यावरून कळतात. पेरू अति पिकलेला असला तर त्यातील पेक्टिन आधीच तुटलेले असते. लिंबाचा रस कमी पडला तर जाळे बनत नाही. आणि रस फार वेळ उकळला तरी पेक्टिन मोडते. म्हणून जेलीस नुकता पिकू लागलेला पेरू घ्यावा, त्यात थोडे कच्चे फळही असावे, व साखर घातल्यावर रस जलद आटवावा.

दुसरा थिजविणारा पदार्थ अगार. हा समुद्रातील तांबड्या शेवाळापासून निघतो. तो वितळण्यास सुमारे ८५ अंश उष्णता लागते, पण निवताना मात्र तो ३५ ते ४० अंशांच्या आसपास थिजतो. याच गुणामुळे जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याने जिलेटिनास मागे टाकले. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या गृहिणीने आपल्या स्वयंपाकातील अनुभवावरून ही सूचना आपल्या शास्त्रज्ञ पतीस केली, व पुढे ती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत अवलंबिली गेली. करमाळा तालुक्यात व अन्यत्र केळीच्या ज्या ऊतिसंवर्धित रोपांची लागवड होते, त्यांचे बालपण बहुधा अशाच थिजविलेल्या पाण्यात गेलेले असते. एक लिटर पोषक द्रावणास ६ ते ८ ग्रॅम अगार पुरतो. कोवळा कोंब त्यात उभा राहतो, त्यातूनच पाणी व अन्न घेतो, आणि तरी बुडत नाही. जेलमधील पाणी वनस्पतीस ओढून घेता येते, याचा हा पुरावाच होय.

फुगणारे पदार्थ व शेतातील भुकटी

सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती पारदर्शक आवरण फुगते, पण ते पाण्यात मिसळून जात नाही. कांडोळीचा डिंकही बराचसा असाच फुगतो. याच गुणाची कृत्रिम वाढ करून शेतीची भुकटी बनविलेली आहे. लांब माळांना मध्येमध्ये आडवे टाके घातले की त्या सुटून विरघळू शकत नाहीत. पाणी आत शिरते, जाळे ताणले जाते, पण तुटत नाही. अशा पदार्थास ‘हायड्रोजेल’ म्हणतात. पिष्टास अॅक्रिलिक जातीच्या माळा जोडून असा महाशोषक पदार्थ बनविण्याचे काम अमेरिकेच्या कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात झाले. आपल्या देशात नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेने वनस्पतीतील सेल्युलोजचा आधार घेऊन ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. ते आपल्या कोरड्या वजनाच्या निदान ३५० पट पाणी शोषते, व त्याची मात्रा हेक्टरी २.५ ते ५ किलो, म्हणजे एकरी सुमारे १ ते २ किलो सांगितलेली आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गवारीचा अगर चिंचोक्याचा नैसर्गिक डिंक मातीत घातला तर तोही पाणी धरील. परंतु मातीतील सूक्ष्मजंतूंचे ते अन्न असल्याने तो लवकरच खाऊन फस्त होईल. अॅक्रिलिक माळांचे हायड्रोजेल मातीत टिकते ते त्या माळा जंतूंस सहजी पचत नाहीत म्हणून. टिकाऊपणा व लवकर कुजणे हे दोन्ही गुण एकाच भुकटीत पुरेपूर असल्याचे कोणी सांगू लागल्यास त्यास अधिक प्रश्न विचारावेत.

हिशेब

आता पाकिटावरील वाक्याचा हिशेब मांडू. एक एकर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे ४,००० लिटर भरते. एकरी २ किलो, म्हणजे शिफारशीतील वरची मात्रा, घेतली व ती ५०० पट फुगली असे उदार मनाने मानले, तरी एका वेळी धरलेले पाणी १,००० लिटर होते. म्हणजे पाव मिलिमीटर पाऊस. ३५० पट धरल्यास ते ७०० लिटरच भरते.

याच्याशी पिकाची तहान ताडून पाहावी. भर वाढीतील रब्बी ज्वारीस दिवसाला सुमारे ४ मिलिमीटर, म्हणजे एकरी १६,००० लिटर पाणी लागते. तेव्हा भुकटीने धरलेले सर्व पाणी पिकाच्या एका दिवसाच्या गरजेचा फक्त सोळावा भाग होय. आणि जमिनीची तुलना केली तर फरक आणखी डोळ्यांत भरतो. खोल काळ्या जमिनीचा एक मीटर थर पिकास घेता येईल असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवितो. १५० धरले तरी ते एकरी सहा लाख लिटर होते. आपल्या काळ्या रानाची चिकणमाती हीसुद्धा कलिलरूपच आहे. ती पाण्याने फुगते व सुकल्यावर भेगाळते, हे आपण दरवर्षी पाहतो. ती कृपण सावकार आहे, कारण धरलेल्या पाण्यापैकी बराच भाग ती मुळांस देत नाही. उलट हायड्रोजेल धरलेले बहुतेक पाणी मोकळ्या हाताने देते. परंतु उदार मनुष्याच्या कनवटीस एक रुपया व कृपणाच्या पेटीत सहाशे असले, तर घर कोणाच्या आधारावर चालावयाचे हे उघड आहे.

यावरून ही भुकटी निरुपयोगी ठरते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ती सर्व रानात विखुरलेली नसून बियाण्याच्या ओळीत पडते. प्रत्येक ओलाव्यास पुन्हा भरते. आणि उगवणीच्या वेळी रोपाची गरज अल्प असते, तेव्हा तेवढ्या पाण्यानेही त्याचे दोन दिवस निभावू शकतात. अनेक ठिकाणच्या प्रयोगांत तिच्या वापराने उगवण सुधारल्याचे व पाण्याच्या पाळ्यांत बचत झाल्याचे अहवाल आहेत. हलक्या, मुरमाड किंवा वाळूसर रानात, जेथे जमिनीची स्वतःची साठवण लहान, तेथे तिचा गुण अधिक दिसण्याचा संभव आहे. आणि जेथे माती थोडी व भुकटीचे प्रमाण मोठे, तेथे हिशेब पार बदलतो. रोपवाटिकेतील दोन किलो मातीच्या पिशवीत २ ग्रॅम भुकटी घातली व मातीच्या दाबाखाली ती २०० पटच फुगली, तरी ४०० ग्रॅम पाणी धरले जाते. तेवढ्या पिशवीस ही साठवण मोठीच आहे. म्हणून रोपांची ने-आण, फळझाडांची लावणी व रोपवाटिका ही तिची खरी जागा होय. खोल काळ्या रानातील ज्वारीस तिच्या भरवशावर पाण्याची एक पाळी कमी करण्यापूर्वी मात्र वरील आकडे पुन्हा वाचावेत.

घेण्यापूर्वी घरी करावयाची परीक्षा

पाकिटावरील आकडा बहुधा शुद्ध पाण्यातील असतो. आपल्या विहिरीचे व बोअरचे पाणी शुद्ध नसते. त्यातील क्षार, विशेषतः चुन्याचा अंश, हायड्रोजेलच्या माळांस जवळ ओढतो व फुगणे पुष्कळ कमी करितो. ठिबकातून कॅल्शियम नायट्रेटसारखे खत देणाऱ्या डाळिंबाच्या बागाइतदाराने हे विशेष लक्षात ठेवावे. यासाठी पुढील सोपी परीक्षा प्रत्येकाने करावी.

तीन बरण्या घेऊन प्रत्येकीत एक लिटर पाणी घालावे : पहिलीत साठविलेले पावसाचे, दुसरीत आपल्या विहिरीचे, व तिसरीत विहिरीचेच पण ज्या प्रमाणात आपण खत देतो त्या प्रमाणात खत मिसळलेले. प्रत्येकीत मोजून १ ग्रॅम भुकटी टाकावी. इतके वजन सोनाराच्या काट्यावर नीट होते. सहा तासांनी प्रत्येक बरणीतील जेल ओल्या पातळ फडक्यातून गाळून, निथळू देऊन, तोलावे. जितके ग्रॅम भरेल तितके पट तो पदार्थ फुगला असे स्थूलमानाने समजावे. पहिल्या व तिसऱ्या बरणीतील अंतर हेच पाकिटावरील वचन व आपल्या रानातील वस्तुस्थिती यांतील अंतर होय. नंतर तेच जेल उन्हात वाळवून पुन्हा भिजवावे. दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस ते किती फुगते, यावरून टिकाऊपणाची कल्पना येईल. जे विरघळून पाणी नुसते दाट करील, ते साधा डिंक समजून बाजूस ठेवावे.

शेवटी भागाकार करावा. पाकिटाच्या किंमतीस परीक्षेत आढळलेल्या लिटरांनी भागले म्हणजे एका खेपेस धरलेल्या एका लिटरास काय पडते ते कळते. तो आकडा टँकरच्या पाण्याशी व पाण्याच्या एका पाळीच्या खर्चाशी ताडून पाहावा. मग प्रथम चार गुंठ्यांवर भुकटी घालून व शेजारचे चार गुंठे तसेच ठेवून एक हंगाम पाहावा. दोन्हींकडे बी, खत व पाणी सारखेच असावे, नाहीतर तुलना फुकट जाते. फळबागेविषयी केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा, व कोरडवाहू पिकांविषयी सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राचा सल्ला घेणे इष्ट.

मिलिमीटर वाचविण्याचे जुने मार्ग

सोलापुरास कोरडवाहू शेतीचे शास्त्रशुद्ध संशोधन १९३३ साली सुरू झाले. न. वि. कानिटकर व त्यांचे सहकारी यांनी जो मार्ग आखला, त्यात बांधबंदिस्ती, पावसापूर्वीची मशागत, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांस मुख्य स्थान होते. या मार्गाचे तत्त्व असे, की पाणी धरणारा मोठा पदार्थ रानातच आहे; त्यात पाऊस मुरविला पाहिजे व मुरलेला ओलावा वाऱ्या-उन्हास जाऊ देता कामा नये. वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी केवळ १० मिलिमीटर बांधाने अडवून मुरविले, तर एकरी ४०,००० लिटर पदरात पडले. कोळप्याने भेगा बुजवून एक मिलिमीटर ओल वाचविली, तरी ती २ किलो भुकटीने एका वेळी धरलेल्या पाण्याच्या चौपट झाली. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही आपल्या कुणब्यांची म्हण या हिशेबाने पाहिल्यास अलंकारिक वाटत नाही. शेणखत व कंपोस्ट हेही मातीची घडण सुधारून पाणी आत शिरण्याची वाट मोकळी करितात, व कोठल्याही पाकिटाशिवाय.

विकणारा व विकत घेणारा

एक गोष्ट शेवटी सांगणे अवश्य आहे. जलकलिलांच्या बाजारात शेतकरी केवळ गिऱ्हाईक नाही. तो मूळ मालाचा धनीही आहे. बार्शीच्या बाजारात चिंच विकली जाते तेव्हा फोडलेल्या चिंचेकडे सर्वांचे लक्ष असते, व चिंचोका हा मागे उरलेला माल मानला जातो. परंतु त्याच चिंचोक्याचे टरफल काढून व गर दळून जो पदार्थ होतो, तो कारखान्यात मोलाने विकला जातो. चिंचोका ओला राहिला, बुरसला किंवा किडला तर त्याचा गर कमी प्रतीचा ठरतो. भाजताना फाजील उष्णता लागली तर माळा तुटून खळीचा जोर कमी होतो. यास्तव तो स्वच्छ, वाळवून व कीड न लागू देता साठविणे हे पहिले काम. एकेका शेतकऱ्याचा माल थोडा असल्याने टरफल काढण्याचे व दळण्याचे यंत्र गावच्या सोसायटीने किंवा उत्पादक कंपनीने मिळून घेणे हे दुसरे. मात्र यंत्र घेण्यापूर्वी गर विकत घेणारा कोण, कोणत्या प्रतीचा व किती घेणार, हे लेखी ठरवून घ्यावे. गवारीच्या भावाचा वर सांगितलेला इतिहास येथेही आठवावा.

तात्पर्य, पुढे कोणी ‘हायड्रोकोलॉइड’ म्हणून काही पुढे केले, तर वाचकांनी विक्रेत्यास चार प्रश्न विचारावेत. हा पदार्थ पाणी दाट करितो, थिजवितो, की नुसता फुगतो? आमच्या विहिरीच्या पाण्यात तो किती पट फुगतो? एकरी मात्रेत ते किती लिटर व किती मिलिमीटर होतात? आणि रानात तो किती दिवस टिकतो? या चारांची सरळ उत्तरे मिळाली तर माल घेण्यास हरकत नाही. न मिळाल्यास पैसे गाठीस ठेवून बांधाची फुटलेली जागा आधी भरून घ्यावी. जलकलिल पाणी धरते, ते निर्माण करीत नाही. धरावयाचे पाणी आभाळातून अगर विहिरीतूनच यावे लागते, आणि ते आले म्हणजे रानात थांबविण्याचे काम आपल्याच हातचे आहे.